हिवताप, अळी आणि रानातले झाड : भामरागडच्या निमित्ताने

'हिवताप' या मराठी शब्दात रोगाचे कारण सांगितलेले नाही. आधी हिव भरते, मग ताप चढतो, एवढा रोग्याचा अनुभव त्यात आहे. 'हिव' हे 'हिम'चेच मराठी रूप. आयुर्वेदाने याच तापाला विषमज्वरात घातले आणि त्याच्या फेऱ्यांवरून अन्येद्युष्क, तृतीयक, चातुर्थिक असे प्रकार केले. तेथे नाव लयीवरून पडले. दिवसाआड येणाऱ्या तापाला 'एकांतरा' म्हणणारी बोलीभाषाही लयच मोजत होती. 'मलेरिया' या इटालियन शब्दाने मात्र कारण सांगण्याचे धाडस केले, आणि ते चुकले. दूषित हवा हा त्याचा अर्थ, आणि हवेचा तर या रोगाशी थेट संबंध नाही. तिन्ही परंपरांच्या शब्दांत डास कोठेही नाही, आणि डासाची पाण्यातली अळी तर नाहीच नाही.

अळीचा हा अभाव ध्यानात ठेवून प्रस्तुत लेखात आम्ही एका मर्यादित विषयाचा इतिहास पाहणार आहोत. डासांच्या अळ्या मारणारी वनस्पतिजन्य द्रव्ये हा तो विषय. तो वरकरणी कीटकशास्त्राचा आहे. परंतु मराठीच्या अध्यापकांना त्यात लक्ष घालण्याचे कारण आहे. आदिवासी साहित्य व संस्कृती हा विषय शिकवताना 'रानातल्या माणसाला सारे ठाऊक होते' हे वाक्य आपल्या वर्गांत सहज उच्चारले जाते. 'त्यांना काहीच ठाऊक नव्हते' हे जुन्या प्रशासकीय अहवालांतले वाक्य त्याच्या नेमके उलट. या दोन्ही वाक्यांची परीक्षा घ्यायची तर एखादे नेमके ज्ञान हाती घ्यावे लागते, नेमका प्रदेश घ्यावा लागतो. आम्ही भामरागड घेतले आहे.

१. प्रदेश

भामरागड हा गडचिरोली जिल्ह्याचा पूर्वेकडचा तालुका. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या येथे एकत्र येतात, आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड सुरू होते. पूर्वी हा मुलूख चांदा जिल्ह्यातील अहेरीच्या जमीनदारीत मोडे. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रांतात व मध्यप्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. म्हणजे राजधानी नागपूर असो की मुंबई, हा प्रदेश नेहमी कडेलाच राहिला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी मराठी वृत्तपत्रांनी कित्येक वर्षे जवळजवळ त्याच शब्दांत छापली आहे.

येथील मुख्य वस्ती माडिया गोंडांची. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती केंद्र शासनाने विशेष असुरक्षित गटात धरल्या आहेत, त्यांपैकी ही एक; कातकरी व कोलाम या इतर दोन. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. या जंगलात हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस ही जाती नदीपात्रातील साचलेल्या डबक्यांत, भातखाचरांत व खड्ड्यांत वाढते. अॅनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस ही संथ वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यांच्या कडेला वाढते. गटाराचा डास येथे प्रश्नाचा मुख्य भाग नाही. जे पाणी माणसे पितात आणि ज्यात मासे धरतात, त्याच पाण्याशी हा रोग बांधलेला आहे. पुढील सगळ्या विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरेल.

बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहून उपचार करू लागले. वीज नाही, रस्ता नाही, आणि खाटेवर घालून कित्येक मैलांवरून आणलेले रोगी, हे त्या पहिल्या वर्षांचे चित्र प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'मुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. त्या रोग्यांत हिवतापाचे रोगी मोठ्या संख्येने असत, आणि मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या फाल्सिपेरम हिवतापाचेही असत. अर्धशतक उलटल्यावरही राज्यात हिवतापाच्या सर्वाधिक नोंदी होणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव सातत्याने येते, आणि जिल्ह्यात भामरागडचे.

२. ग्रंथांना काय ठाऊक होते

जुन्या ज्ञानाचा शोध प्रथम ग्रंथांत घेतला जातो, म्हणून तेथूनच आरंभ करू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आठव्या अध्यायात विषारी कीटकांचे वर्गीकरण आहे. त्यात मशकाचे पाच प्रकार दिले आहेत : सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय. चाव्याने खाज व सूज येते, आणि पार्वतीय मशकाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा असतो, असे तेथे म्हटले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या उताऱ्याच्या आधारे 'सुश्रुताला डास व हिवताप यांचा संबंध ठाऊक होता' असे प्रतिपादन अधूनमधून होत आले आहे.

ग्रंथ वाचण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी येथे थांबले पाहिजे. सुश्रुताने मशक विषप्रकरणात घातला आहे, ज्वरप्रकरणात नाही. दंशाचे विष आणि फेऱ्यांनी येणारा ज्वर या त्याच्या रचनेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच प्रकार करणारे निरीक्षण सूक्ष्म आहे, आणि पर्वतप्रदेशातील मशक अधिक घातक हे वाक्य आज वाचताना नवल वाटते. परंतु संबंध जोडला गेला होता असे म्हणण्यास संहितेत आधार नाही. तो जोडला गेला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीचे कोश दिसले तेव्हा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी संक्रमणाचे सारे चक्र दाखवले, आणि इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप अॅनॉफिलीसमुळे पसरतो हे सिद्ध केले.

तेव्हा अळी आणि हिवताप यांचा संबंध १८९७ पूर्वी कोणालाच ठाऊक नव्हता; सुश्रुताला नाही, लंडनच्या वैद्यांना नाही, आणि भामरागडच्या पुजाऱ्यालाही नाही. हे अज्ञान सर्वांचे समान होते. ते केवळ शेवटच्याच्या माथी मारले गेले, ही इतिहासलेखनाची लबाडी.

३. अळी शत्रू ठरते

रॉस यांच्या शोधानंतर अळीकडे लक्ष वळणे स्वाभाविक होते. डास उडतो, पांगतो. अळी मात्र पाण्यात बांधलेली असते. अंड्यातून बाहेर पडल्यावर ती चार वेळा कात टाकते, मग कोश होतो आणि कोशातून डास निघतो. अॅनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून श्वास घेते. क्युलेक्सची अळी नळी वर करून तिरकी लोंबते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की दोघींचाही श्वास कोंडतो. पहिली अळीनाशके म्हणजे हीच तेले होती.

लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रयोग झाला : चर बुजवले, तेल ओतले, कालवे आवरले. हिवताप मात्र अपेक्षेप्रमाणे हटला नाही, आणि अळ्या माराव्यात की क्विनीन वाटावे हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. मुंबईचे चित्र निराळे होते. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील हिवतापाचे मूळ विहिरी व टाक्यांत वाढणाऱ्या अॅनॉफिलीस स्टीफेन्सायमध्ये दाखवले. विहिरी झाकण्याची व बुजवण्याची मोहीम निघाली, आणि पाण्याला सूर्यप्रकाश लागला पाहिजे या धर्मभावनेतून पारशी व हिंदू घरमालकांनी विरोध केला. पण विहिरी मोजता येत होत्या, त्यांना मालक होते, नोटीस बजावता येत होती. शहर आणि रान यांतला फरक तेव्हाच स्पष्ट झाला होता.

वनस्पतींकडे प्रयोगशाळा वळल्या त्या १९३० च्या दशकात. रशियात उगवणाऱ्या अॅनाबेसिस नावाच्या तणातील निकोटिनसदृश अल्कलॉइडे क्युलेक्सच्या अळ्या मारतात, असे कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये दाखवले. आणखी काही वनस्पतींच्या फळांचे व कंदांचे अर्क १९४० च्या सुमारास तपासले गेले. काम असे सुरू होत होते तोच डीडीटी आले. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी त्याचा कीटकनाशक गुण शोधला, युद्धात ते वापरले गेले, आणि १९४८ मध्ये म्युलर यांना नोबेल मिळाले.

डीडीटीचा भारतातील इतिहास आपल्या प्रदेशाशी जवळून जोडलेला आहे. मुंबई इलाख्यातील कानडा व धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग केला. त्याच्या यशाने १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला बळ मिळाले. १९५८ मध्ये 'नियंत्रणा'च्या जागी 'निर्मूलन' हा शब्द आला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रोगी व आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ मध्ये नोंदलेले रोगी सुमारे एक लाखावर आले. या यशाच्या काळात झाडपाल्याच्या अर्कांकडे कोण पाहणार?

परंतु १९५९ मध्येच, त्या वेळच्या मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात, क्युलिसिफेसीस डीडीटीला दाद देत नाही असे आढळले. कार्यक्रमाच्या शैथिल्याची त्यात भर पडली, आणि १९७६ मध्ये देशातील नोंदलेले रोगी ६४ लाखांवर गेले. १९७७ मध्ये धोरण बदलावे लागले. दरम्यान १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध होऊन कृत्रिम कीटकनाशकांकडे पाहण्याची जगाची दृष्टीही बदलली होती. वनस्पतींकडे प्रयोगशाळा परत वळल्या त्या या पार्श्वभूमीवर. १९९१ मध्ये सुकुमार आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात डासांवर परिणाम करणाऱ्या ३४४ वनस्पतींची यादी आहे. पुढे ती वाढतच गेली. जळगाव व पुणे येथील संशोधकांचे कामही तिच्यात आहे.

४. रानाला काय ठाऊक होते

आता रानाकडे येऊ. मध्य भारताच्या वनप्रदेशात कीटक व जलचर यांच्याविषयीचे वनस्पतिज्ञान चार कामांत दिसते. पहिले धुराचे : कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला जाळून डास हुसकावणे. दुसरे धान्याचे : साठवणीत पाला घालून किडीपासून रक्षण. तिसरे अंगावरच्या जिवांचे : सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी लावणे. (ती डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, हे येथेच नमूद केले पाहिजे.) चौथे आमच्या विषयाला सर्वांत जवळचे : मासे गुंगवण्याचे. पावसाळा सरून ओढे तुटक होऊ लागले की डबक्यात विशिष्ट साल, फळे किंवा पेंड कुटून टाकायची. मासे वर येतात, हाताने धरता येतात. गेळाचे फळ यासाठी भारतात अनेक ठिकाणी वापरले गेले आहे.

यांत मोहाची पेंड विशेष लक्षणीय आहे. मोह म्हणजे या प्रदेशाचे अन्न, पेय, तेल आणि चलन. त्याच्या बियांचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन असते. पाण्यात फेस आणणारे हे द्रव्य माशांच्या कल्ल्यांतून रक्तात जाते आणि तांबड्या पेशी फोडते. आधुनिक मत्स्यशेतीत नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी मोहाची पेंड दशलक्ष भागांत २०० ते २५० भाग या प्रमाणात आजही वापरली जाते. दोन-तीन आठवड्यांत तिचे विष ओसरते आणि ती खत म्हणून उपयोगी पडते. रानातली रीत आणि मत्स्यखात्याची शिफारस यांचे मूळ तत्त्व एकच आहे.

अशी सॅपोनिने प्रयोगशाळेत डासांच्या अळ्याही मारतात असे अनेकदा दिसून आले आहे. सीताफळाच्या बियांतील अॅसिटोजेनिने आणि करंजाचे तेल यांचाही अळ्यांवर परिणाम होतो. म्हणजे भामरागडच्या माणसाच्या हाताशी, त्याच्या पूर्ण ओळखीची, पाण्यातला जीव मारणारी द्रव्ये होती. कोणते झाड, कोणता भाग, किती, कोणत्या ऋतूत, कोणत्या पाण्यात, हे त्याला ठाऊक होते. पण ते माशासाठी ठाऊक होते. अळीसाठी ते वापरावे असे वाटण्यास अळी आणि ताप यांचा दुवा हवा, आणि तो दुवा, आपण पाहिले त्याप्रमाणे, १८९७ पर्यंत जगात कोठेच नव्हता. ज्ञान नेहमी एखाद्या कामाला चिकटलेले असते. ते काम वजा करून 'त्यांना अळीनाशके माहीत होती' असे म्हणणे हा गौरव वाटला, तरी त्या माणसाने प्रत्यक्षात जे कमावले होते त्याची ती हेळसांड आहे.

मराठीत या ज्ञानाची नोंद फार थोड्यांनी घेतली. गडचिरोलीत अनेक वर्षे काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' हे पुस्तक येथील स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्याविषयी आहे. 'गोईण' म्हणजे मैत्रीण. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यात नोकरी करताना रानातले शब्द वेचून पक्षी, प्राणी, मासे व वृक्ष यांचे कोश सिद्ध केले. या दोघांच्या लेखनाचे मोल त्यातील भावनेइतकेच त्यातील नेमकेपणात आहे. झाडाचे नाव, ते घेणाऱ्या माणसाचे काम, आणि दोहोंमधला संबंध तेथे एकत्र नोंदवलेला आहे.

५. कडुनिंबाची कथा

प्रयोगशाळेने एखादे झाड आपलेसे केले की काय होते, याचे उत्तम उदाहरण कडुनिंब. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये निंबाच्या तेलातून निंबिन आदी कडू द्रव्ये वेगळी केली. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवानी आणि राय यांनी निंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत असे दाखवले. अॅझाडिरॅक्टिन हे त्यातील मुख्य द्रव्य इंग्लंडमध्ये १९६८ मध्ये हाती आले. त्याची रचना उलगडण्यास १९८० चे दशक उजाडले आणि ते प्रयोगशाळेत घडवण्यास २००७. केंब्रिजच्या गटाला त्यासाठी बावीस वर्षे लागली. हे द्रव्य किड्याला एकदम मारत नाही. कात टाकण्याचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकाच्या कामात ते अडथळा आणते, आणि अळी कातीतच अडकून पडते.

भारतात डासांसाठी त्याचे प्रयोग झाले. मदुराईच्या केंद्रातील राव, रूबेन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भातखाचरांत निंबाची पेंड व पाण्याचे नियोजन एकत्र वापरून जपानी मेंदूज्वर पसरवणाऱ्या डासांच्या अळ्या कमी करून दाखवल्या. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेतील दुआ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निंबतेलापासून केलेल्या मिश्रणाची मात्रा प्रसिद्ध केली : स्टीफेन्सायच्या निम्म्या अळ्या दशलक्ष भागांत १.६ भाग एवढ्या प्रमाणात मरतात. मोहाच्या पेंडीचा मघाचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. दोन्हींचे काम निराळे आहे, पण नेमकेपणाने प्रयोगशाळेने काय साधले ते त्यावरून कळते.

याच झाडाने मालकीचा प्रश्नही उभा केला. निंबतेलापासूनच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि एक अमेरिकी कंपनी यांना १९९४ मध्ये मिळाले होते. ते २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. २००० च्या निर्णयात पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष मोलाची ठरली : पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये आपण असे अर्क शेतात वापरून पाहिले होते, हे त्यांनी म्युनिकमध्ये सांगितले. शतकानुशतके निंब वापरणाऱ्या समाजाच्या स्मृतीपेक्षा तारखा असलेल्या त्या प्रयोगांचे वजन अधिक पडले. पुढे भारत सरकारने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास घेतले, तेही संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ ग्रंथांच्या आधारे. ज्या ज्ञानाला लिपीच मिळाली नाही त्याला या दाराने आत येता येत नाही. माडिया ही प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. तिच्यातील झाडांची नावे ग्रंथात नाहीत.

लिखित शब्दाचे सामर्थ्य दाखवणारे दुसरे उदाहरण चीनमधले. तू यूयू यांना १९७१ मध्ये, चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या ग्रंथात, एका वनस्पतीचा पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा अशा अर्थाची सूचना सापडली. उकळण्याचा उल्लेख तेथे नव्हता. उष्णतेने औषधी गुण नष्ट होत असेल हे त्यावरून त्यांनी ताडले, कमी तापमानाला अर्क काढला, आणि पुढच्या वर्षी आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. काय लिहिले नाही याचा विचार करणारे हे वाचन साहित्याच्या विद्यार्थ्याला नक्कीच ओळखीचे वाटेल. पण त्यासाठी सोळाशे वर्षांपूर्वी कोणीतरी ती ओळ लिहून ठेवावी लागली.

६. ओढ्यापर्यंत न पोहोचलेले

आता मूळ प्रश्न. रानात झाडे आहेत, प्रयोगशाळेत आकडे आहेत. मग भामरागडच्या ओढ्यात यातले काही का पोहोचले नाही?

पहिले कारण प्रयोगाच्या स्वरूपात आहे. अळीनाशकाची चाचणी पेल्यात होते. वीस-पंचवीस अळ्या, मोजलेले पाणी, चोवीस तास. या अळ्या बहुधा प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या स्टीफेन्सायच्या किंवा डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या असतात. हे दोन्ही शहरी डास. फ्लुव्हिएटिलिस प्रयोगशाळेत वाढवणे अवघड. म्हणजे आपल्या शोधनिबंधांत जमा झालेले ज्ञान बरेचसे मुंबई-पुण्याच्या टाकीतल्या अळीविषयीचे आहे.

दुसरे कारण द्रव्याचे. अॅझाडिरॅक्टिन उन्हात विघटित होते. त्याचे प्रमाण झाडागणिक व हंगामागणिक बदलते. उघड्या ओढ्यात ते टिकत नाही, आणि पुन्हा पुन्हा टाकायचे तर पुरात तुटणाऱ्या गावापर्यंत ते नेणार कोण?

तिसरे कारण भूगोलाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार अळ्या मारण्याचा उपाय तेथेच विशेष फलदायी ठरतो जेथे डासांची पैदास होणारी पाण्याची ठिकाणे मोजकी, स्थिर आणि सापडण्याजोगी असतात. मुंबईच्या विहिरी तशा होत्या. भामरागडची डबकी अगणित आहेत, नदी उतरेल तशी जागा बदलतात आणि जंगलात लपलेली असतात.

चौथे कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'वनस्पतिजन्य' म्हणजे 'निरुपद्रवी' हे समीकरण खरे नाही. मोहाची पेंड अळी मारण्याआधी मासा मारील. ज्या ओढ्यातून प्यायचे आणि ज्यातून रात्रीचे कालवण मिळवायचे, त्यात बाहेरून कोणी काही ओतावे का, हा प्रश्न केवळ विषशास्त्राचा राहत नाही.

अधिकृत हिवताप कार्यक्रमात वनस्पतीला जागाच नाही, असेही नाही. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून काढलेला पायरेथ्रमचा अर्क घरात फवारण्यासाठी यादीत आहे. मात्र तो उडणाऱ्या डासासाठी आहे, आणि त्या फुलामागे केनियासारख्या देशांतील मोठी लागवड व उद्योग उभा आहे. अळ्यांसाठी यादीत आहेत ती रासायनिक द्रव्ये, खनिज तेल आणि जिवाणूपासूनचे अळीनाशक.

या सगळ्यात एक विलक्षण गोष्ट राहून जाते. भामरागडच्या रोग्याला वाचवणारी औषधे वनस्पतींचीच होती. हेमलकशात मेंदूच्या हिवतापाशी झुंजताना हाताशी असलेले क्विनीन मुळात दक्षिण अमेरिकेतील सिंकोनाच्या सालीतले. १८२० मध्ये ते पॅरिसमध्ये वेगळे केले गेले, आणि १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत त्याच्या पुड्या विकल्या जात. गेल्या दीड दशकात फाल्सिपेरमसाठी दिली जाणारी संयुक्त गोळी आर्टेमिसिनिनवर आधारलेली, म्हणजे चीनमधल्या झुडपाची. पेरूचे झाड भामरागडला पोहोचले, चीनचे पोहोचले. दारातला मोह दारूचा, अन्नाचा आणि माशांचाच राहिला. यात मोहाचे काही उणे नाही. सिंकोनाच्या व आर्टेमिसियाच्या मागे लिहिणारे, मोजणारे, लागवड करणारे आणि वाटणारे यांची अखंड साखळी होती. मोहामागे ती कोणी जोडलीच नाही. ती जोडली असती तर अळीवरचे मोठे औषध निघाले असते, असाही आमचा दावा नाही. कदाचित वर सांगितलेल्या कारणांमुळे ते निघालेही नसते. पण तसे ठरवण्याइतकी चौकशी होणे, एवढा मान तर त्या झाडाचा आणि ते जाणणाऱ्या माणसांचा होता.

७. आपल्यापुरते

आजचा मुख्य मार्ग ठरलेला आहे : औषधभारित मच्छरदाणी, गावातच रक्ताची झटपट तपासणी आणि वेळेवर गोळ्या. गावातील आशा कार्यकर्ती हे काम पावसात पायी करते, आणि माणसे वाचतात ती त्यामुळे. वनस्पतिजन्य अळीनाशकांना त्यात दुय्यम पण खरी जागा असू शकते. घराभोवतीचे खड्डे, टाक्या, वापरात नसलेल्या विहिरी अशी मोजकी, सापडणारी ठिकाणे तीही. शिवाय पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनी ग्रामसभेला जे अधिकार दिले आहेत ते पाहता, ओढ्यात काय टाकावे याचा निर्णय गावाला विचारल्याशिवाय कोणी करू नये.

साहित्याच्या अभ्यासकांकडे यातला एक वाटा येतो. जैवविविधता कायद्याने (२००२) स्थानिक ज्ञानाच्या नोंदवह्या करण्याची तरतूद केली आहे. त्या नोंदवह्या भरताना झाडाचे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्राचा पदवीधर लिहील. पण माडियातले नाव, ते उच्चारण्याची रीत, त्या झाडाचे नेमके काम, त्याच्याशी निगडित विधिनिषेध, आणि ते टाकण्याची वेळ सांगणारी वाक्ये, हे सारे ऐकून जसेच्या तसे उतरवून घेण्याचे शिक्षण भाषेच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते, निदान मिळायला हवे. लोकगीते व कथा गोळा करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मासे कोणत्या सालीने गुंगतात हे सांगणारे गद्यही तितकेच मौखिक साहित्य आहे, आणि ते सांगणाऱ्या वृद्धांची संख्या दर पावसाळ्यानंतर घटते आहे. गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरच्या महाविद्यालयांत मराठीचे पदव्युत्तर प्रबंध दरवर्षी लिहिले जातात. त्यांतले दोन-चार जरी या कामी लागले, तरी पुढच्या संशोधकाला भामरागडविषयी वाचण्यासारखी एखादी ओळ मिळेल.